खैरात नेमकी कोण खातो?



आपल्या मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यांत अलीकडे एक सूर वारंवार कानी पडू लागला आहे. करांचा विषय निघतो, आणि पाठोपाठ "आपण राबायचे, कर भरायचे, आणि इथल्या काळ्या लोकांनी फूड स्टॅम्पवर बसून खायचे" अशा अर्थाचे एखादे वाक्य येते. हे वाक्य उच्चारणारी माणसे अडाणी नाहीत. डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, संगणकतज्ज्ञ आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी महाविद्यालयात असताना स्वतःविषयी 'सरकारचे जावई' हा शब्दप्रयोग ऐकलेला आहे. ज्या काठीचे वळ स्वतःच्या पाठीवर अजून ताजे आहेत, तीच काठी सातासमुद्रापार येऊन दुसऱ्याच्या पाठीवर उगारावी, याला काय म्हणावे?

खैरात हा शब्द वापरायचाच असेल तर तो मोजूनमापून वापरू या. या देशात सरकारी तिजोरीतून सर्वात दीर्घकाळ, सर्वात सन्मानाने आणि सर्वात कमी विचारपूस होऊन जो पैसा दिला गेला, तो शेतमालकांना दिला गेला. १९३३ पासून आजतागायत, म्हणजे नव्वद वर्षांहून अधिक काळ, कायदे बदलले, योजनांची नावे बदलली. एक तत्त्व मात्र बदलले नाही. पैसा जमिनीमागे जातो, घामामागे जात नाही. आणि जमीन कुणाच्या हाती का राहिली, हा प्रश्न कचेरीतील कोणत्याही अर्जात विचारलेला नसतो.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे चालते ते पाहावयाचे असेल तर मिसिसिपी राज्यातील सनफ्लॉवर काउंटीकडे पाहावे. नाव सूर्यफुलाचे, पण इतिहास सारा कापसाचा. मिसिसिपी नदीने आणून टाकलेल्या काळ्या, सुपीक गाळाचा हा डेल्टा. लोकसंख्येत काळ्या लोकांचे बहुमत. जमीन मात्र मूठभर गोऱ्या मळेवाल्यांची. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ च्या मे महिन्यात लागला आणि दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, त्याला विरोध करण्यासाठी गोऱ्या प्रतिष्ठितांची पहिली 'सिटिझन्स कौन्सिल' स्थापन झाली, ती याच काउंटीच्या मुख्य गावी, इंडियानोला येथे. पार्चमनचा कुप्रसिद्ध तुरुंगही याच काउंटीत आहे.

आता १९३३ चा कायदा. महामंदीत कापसाचे भाव कोसळले होते. रूझवेल्ट सरकारने कृषी समायोजन कायदा केला आणि शेतकऱ्यांना सांगितले, पीक कमी करा, आम्ही पैसे देतो. त्या उन्हाळ्यात एक कोटी एकरांहून अधिक उभी कपाशी नांगरून टाकण्यात आली. सऱ्यांमधून रोप वाचवून चालण्याची सवय लागलेली खेचरे रोपांवर पाय द्यावयास तयार होईनात, असे त्या काळची वर्णने सांगतात. खेचरांना जे समजले ते शासनाला समजले नाही. पीक कमी म्हणजे काम कमी, आणि काम कमी म्हणजे अर्धेलीने कसणारी कुटुंबे फाजील! १९३४-३५ च्या कापूस करारात सरकारी रकमेचा सुमारे एक-नवमांश भाग बटईदाराच्या वाट्याला लिहिलेला होता. तोही मळेवाल्याच्या हातून जायचा, आणि मळ्यावरच्याच दुकानातील उधारीत जिरायचा. पुष्कळ मालकांनी बटईदाराला घराबाहेर काढून तेवढाही वाटा वाचविला. याविरुद्ध जुलै १९३४ मध्ये आर्कान्सासमधील टायरोन्झा येथे काळ्या आणि गोऱ्या बटईदारांनी मिळून संघटना उभारली. कृषी खात्यातल्याच काही तरुण वकिलांनी बटईदारांना घरातून काढता येऊ नये असा अर्थ कराराला देण्याचा प्रयत्न केला. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांचीच हकालपट्टी झाली. ज्याने पाया घातला तोच पुढे इमारतीचा आकार ठरवितो. या योजनेचा पाया असा घातला गेला.

सनफ्लॉवर काउंटीत एकाच काळी दोन माणसे राहत होती. एक जेम्स ईस्टलँड. डॉड्सव्हिलजवळ पाच हजार एकरांहून मोठा मळा, १९४३ ते १९७८ सिनेटर, आणि १९५६ पासून न्यायविषयक समितीचे अध्यक्ष. नागरी हक्कांची विधेयके ज्या समितीकडे जात, तिचा दरवाजा यांच्या हाती. दुसऱ्या फॅनी लू हेमर. बटईदार आईबापांचे विसावे अपत्य. वयाच्या सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. वडिलांनी एकदा पोटाला चिमटा घेऊन खेचरे आणि गाय विकत घेतली, थोडी जमीन खंडाने केली. एका गोऱ्या शेजाऱ्याने जनावरांच्या खाण्यात विष कालवले, आणि कुटुंब पुन्हा बटईवर आले. महाडच्या तळ्यात शेण-गोमूत्र टाकून 'शुद्धी' करणारे आणि खेचरांना विष घालणारे यांच्यात भाषेखेरीज फारसा फरक मला दिसत नाही.

३१ ऑगस्ट १९६२ रोजी हेमरबाई इंडियानोलाच्या न्यायालयात मतदार म्हणून नाव नोंदवावयास गेल्या. त्याच दिवशी, ज्या मळ्यावर त्या अठरा वर्षे राबल्या होत्या, तेथून त्यांना निघून जावे लागले. मालकाने सांगितले होते, नाव मागे घे, नाही तर मळा सोड. आता विचार करा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सिनेटर ईस्टलँड यांच्या कुटुंबाच्या मळ्याला कापूस न पिकविण्याबद्दल, भाव टिकविण्याबद्दल, वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक सरकारी अनुदान मिळत होते. याला त्या देशात कुणी 'बसून खाणे' म्हटले नाही. त्याचे नाव होते राष्ट्रीय कृषी धोरण.

त्याच वर्षांत त्याच डेल्टात काय चालले होते ते वैद्यकीय व्यवसायातील माझ्या बांधवांनी अवश्य जाणून घ्यावे. फेब्रुवारी १९६७ मध्ये शेतमजुरांना प्रथमच किमान वेतन लागू झाले, तासाला एक डॉलर. खुरपणीच्या जागी तणनाशके आधीच येऊ लागली होती, वेचणीच्या जागी यंत्रे आली होती. मळेवाल्यांनी हजारो कुटुंबांना काम नाकारले. याच सुमारास काउंट्यांनी फुकट धान्यवाटप बंद करून फूड स्टॅम्प आणले. त्या काळी फूड स्टॅम्प रोख पैसे भरूनच विकत घ्यावे लागत. ज्याच्याजवळ एक डॉलरही नाही त्याने अन्न मिळविण्यासाठी आधी डॉलर आणावेत, असा तो कायदा. ही अट १९७७ च्या कायद्याने गेली. त्या १९६७ च्या वसंतात सहा डॉक्टरांच्या पथकाने मिसिसिपीतील मुले तपासली आणि उपासमारीने खंगलेली बालके पाहिल्याचे सिनेटच्या उपसमितीपुढे सांगितले. मिसिसिपीच्या सिनेटरांनी ते नाकारले. नाकारणाऱ्यांत ईस्टलँड होते, हे निराळे सांगावयास नको.

शेजारच्या बोलिव्हर काउंटीत, मुक्त झालेल्या गुलामांनी १८८७ मध्ये वसविलेल्या माउंड बायू गावी, डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यकेंद्र काढले. तेथे डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देऊ लागले. दूध, भाज्या, मांस. दुकानदाराने माल द्यावा आणि बिल केंद्राच्या औषधखात्याला लावावे. वरून हरकत आली. डॉक्टरांचे म्हणणे सरळ होते: कुपोषणावर वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेला उपाय अन्न हाच आहे. पुढे त्या भागातील लोकांनी सहकारी शेती काढून स्वतःच भाजीपाला पिकविला. मी एम.बी.बी.एस. ला असताना रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या जाड पुस्तकात या केंद्राचे नावही वाचल्याचे आठवत नाही. खरे तर पहिल्या प्रकरणात ते असावयास हवे.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. १९९९ ते २००२ अशी तीन वर्षे मी दक्षिणेतील एका ग्रामीण काउंटीत वैद्यकीय सेवा केली. परदेशी डॉक्टरांना मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळावी म्हणून त्या काळात जी खाती शिफारस करीत, त्यांत अमेरिकेचे कृषी खातेही होते. २००२ मध्ये त्याने ते काम थांबविले. माझी शिफारस त्याच खात्याची. म्हणजे या देशातील माझे बस्तान ज्या कागदाने बसले, तो कृषी खात्याचा कागद. आपल्यापैकी अनेकांचे असेच आहे. आधी राखीव जागेवर प्रवेश, मग सरकारी महाविद्यालयाची नाममात्र फी, मग येथे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांत प्रशिक्षण. यात शरम वाटण्यासारखे तिळमात्र नाही. शरम दुसऱ्याच्या तोंडचा घास मोजण्यात आहे.

असो. १९७० च्या कायद्याने अनुदानावर मर्यादा आली, प्रत्येक पिकामागे माणशी ५५,००० डॉलर. मर्यादा माणसावर आहे ना, मग माणसे वाढवा! एकाच मळ्याच्या कागदोपत्री अनेक भागीदाऱ्या, कंपन्या, न्यास. प्रत्येकाची मर्यादा निराळी. फांदीला फांदी फुटत जाणाऱ्या या रचनेला लोकांनी नावच ठेवले, 'मिसिसिपी ख्रिसमस ट्री'. १९८७ मध्ये कायद्याने काही फांद्या छाटल्या. आपल्याकडे कूळकायदा आणि कमाल जमीनधारणा कायदा आला तेव्हा पाळण्यातील बाळांच्या आणि गोठ्यातील बैलांच्या नावे सातबारे झाल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. त्या ऐकून हसणाऱ्यांनी हेही ऐकावे.

अनुदान आणि कर्जे वाटणारी यंत्रणा वरून पाहता अत्यंत लोकशाहीवादी आहे. प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनी निवडलेली समिती असते. स्थानिक माणसांनी स्थानिक निर्णय घ्यावेत, यापेक्षा सुंदर काय? परंतु गाव म्हणजे काय, हे ज्यांना डॉ. बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितले त्यांना स्थानिक स्वराज्याच्या गोडव्याचे आश्चर्य वाटू नये. दक्षिणेत या समित्या जवळजवळ संपूर्ण गोऱ्या राहिल्या. काळ्या शेतकऱ्याचा पेरणीच्या कर्जाचा अर्ज टेबलावर पडून राही, पेरणी होऊन गेल्यावर मंजूर होई, किंवा होतच नसे. वॉशिंग्टनच्या न्यायाधीश फ्रीडमन यांनी १४ एप्रिल १९९९ रोजी पिगफोर्ड खटल्यातील तडजोडीला मान्यता देताना नमूद केले, की दक्षिणपूर्वेच्या काही राज्यांत काळ्या शेतकऱ्याच्या अर्जाला गोऱ्याच्या अर्जापेक्षा सरासरी तिप्पट वेळ लागत असे. आणखी एक आकडा त्याच निकालपत्रात आहे. १९२० मध्ये काळ्यांची ९,२५,००० शेते होती. निकालाच्या वेळी १८,००० सुद्धा उरली नव्हती. १९८३ मध्ये खात्याने भेदभावाच्या तक्रारी तपासणारी शाखाच मोडीत काढली होती. तक्रारी येत राहिल्या, उघडल्या गेल्या नाहीत. निकालाची तारीख पुन्हा वाचा, १४ एप्रिल. योगायोगच, पण आपल्या घरांत त्या दिवशी पणत्या लागल्या होत्या.

भरपाई किती मिळाली? बहुसंख्य यशस्वी दावेदारांना प्रत्येकी ५०,००० डॉलर आणि काही कर्जमाफी. एका ट्रॅक्टरची किंमत. २०१० मध्ये उशिरा आलेल्या दाव्यांसाठी १.२५ अब्ज डॉलरची दुसरी तडजोड झाली. २०२१ मध्ये काँग्रेसने काळ्या, मूळनिवासी, आशियाई आणि लॅटिन शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी सुमारे ४ अब्ज डॉलर मंजूर केले. गोऱ्या शेतकऱ्यांनी 'आमच्यावर वंशभेद होतो' म्हणून न्यायालये गाठली, त्याच वर्षी जूनमध्ये मनाई हुकूम मिळविले, आणि २०२२ मध्ये ती तरतूदच रद्द झाली. तिच्या जागी वंशाचा उल्लेख टाळून भेदभावाच्या बळींसाठी निधी ठेवण्यात आला. २०२४ च्या जुलैमध्ये ४३,००० हून अधिक लोकांना मिळून सुमारे २ अब्ज डॉलर वाटले गेले. आणि जुलै २०२५ मध्ये कृषी खात्याने जाहीर केले, की यापुढे योजनांत वंश वा लिंगाच्या आधारावरील 'सामाजिकदृष्ट्या वंचित' ही कोटीच आम्ही वापरणार नाही. 'गुणवत्ता' या शब्दाचा असाच उपयोग आपल्याविरुद्ध कसा होत आला, हे मंडल आयोगाच्या वेळी आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

या दोन अब्जांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. एकट्या २०२० साली शेतकऱ्यांना थेट सरकारी देणी सुमारे ४६ अब्ज डॉलर होती. १९९५ पासूनच्या पीक-अनुदानांचा हिशेब एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था ठेवीत आली आहे. त्यानुसार तीन-चतुर्थांशांहून अधिक रक्कम वरच्या दहा टक्के लाभार्थींकडे गेली. लहान गोऱ्या शेतकऱ्यालाही यात फारसे मिळत नाही, हे ध्यानात असू द्यावे. आजही मुख्य योजना 'बेस एकर'वर चालतात, म्हणजे पूर्वी कधी काळी त्या जमिनीवर जे पीक नोंदले गेले त्यावर. आज ते पीक पेरलेच पाहिजे असे नाही. २००६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने दाखवून दिले, की २००० पासून मुळीच शेती न करणाऱ्या लोकांना १.३ अब्ज डॉलर दिले गेले होते. टेक्सासमध्ये भातशेतीच्या जुन्या जमिनीवर बंगले उठले, आणि अंगणातल्या हिरवळीवर भाताचे अनुदान येत राहिले. त्या घरमालकांना कुणी आळशी म्हटले काय? ती थेट देणी २०१४ मध्ये बंद झाली, हे खरे. पण त्यांच्या जागी ज्या योजना आल्या त्याही जुन्या नोंदीवरच उभ्या आहेत. पूर्वीची नोंद ज्याच्या नावे, उद्याचा पैसा त्याचा. ज्याची जमीन १९५० मध्ये गेली, त्याची नोंद कोठून येणार?

४ जुलै २०२५ रोजी जो मोठा कायदा झाला, त्याने हे सारे एकाच कागदावर आणून ठेवले आहे. त्यात पिकांच्या संदर्भ किमती वाढविल्या, वार्षिक मर्यादा १,२५,००० वरून १,५५,००० डॉलरवर नेली. आणि त्याच कायद्यात फूड स्टॅम्पच्या आजच्या अवतारातून, स्नॅप योजनेतून, दहा वर्षांत सुमारे १८६ अब्ज डॉलर कापले. चौसष्टाव्या वर्षापर्यंतच्या माणसांना काम केल्याचा पुरावा देण्याची अट घातली. स्नॅपमध्ये माणशी दिवसाला मिळतात सुमारे सहा डॉलर. एका हाताने एकराला दिले, दुसऱ्या हाताने ताटातून काढले. माझ्या रुग्णांतील साठीच्या बायका, ज्यांच्या गुडघ्यांत उभे राहण्याची ताकद उरलेली नाही, त्यांनी आपण काम करतो किंवा करू शकत नाही याचे दाखले आणावयाचे. ते दाखले लिहिणार कोण? आपणच, डॉक्टर.

"पण शेतकरी आपला अन्नदाता आहे," असे कुणी म्हणेल. शेतीत धोका असतो, पाऊस हाती नसतो, भाव हाती नसतो. शेतकऱ्याला आधार हवाच. ज्यांचे वडील विदर्भात कोरडवाहू कपाशी लावीत, ते हे नाकारू शकत नाहीत. मात्र कापूस कुणी खात नाही. आणि या कापसाच्या अनुदानाचा फटका कुणाला बसला? २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे गाऱ्हाणे मांडले, की अमेरिकी अनुदानाने जगाचा कापूसभाव पडतो. ब्राझीलने तर खटला जिंकला. अमेरिकेने काय केले? अनुदान लगेच आवरण्याऐवजी २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांनाच दरवर्षी १४.७ कोटी डॉलरच्या दराने पैसे देऊ केले, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटविले. आफ्रिकेच्या शेतकऱ्याला असे काही मिळाले नाही. यवतमाळ-अमरावतीच्या शेतकऱ्याने तर मागितलेही नाही. जागतिक भाव पडला की आपल्या बाजारात गाठीचा भाव का पडतो, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

आधार द्यावा, पण तो राबणाऱ्याला पोहोचावा, एवढेच म्हणणे आहे. सनफ्लॉवर काउंटीतच २०२१ साली काळ्या शेतमजुरांनी दावा लावला. पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत राबलेल्या या माणसांना तासाला ७.२५ डॉलर मिळत, आणि दक्षिण आफ्रिकेतून तात्पुरत्या परवान्यावर आणलेल्या गोऱ्या मजुरांना त्याच शेतावर २०२० मध्ये ११.८३ डॉलर. पुढे तडजोड झाली.

हा सारा प्रश्न डॉ. बाबासाहेबांना नवा नव्हता. लंडनहून परतल्यावर १९१८ मध्ये त्यांनी लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध लिहिला, १९३७ मध्ये खोतीविरोधी विधेयक मांडले, आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये जमीन राज्याची करून ती जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना कसावयास द्यावी, जेणेकरून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर यांपैकी कुणीच उरणार नाही, अशी मांडणी केली. बी-बियाणे, जनावरे, खत राज्याने पुरवावे. म्हणजे अनुदान कसणाऱ्याला, मालकीला नव्हे. आज भारतात काय आहे? २०१९ पासून पी.एम. किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये जमीनधारक कुटुंबाला मिळतात. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या आपल्या बांधवाचे नाव सातबाऱ्यावर नसेल तर त्याला एक पैसा नाही. अलाबामातील काळ्या कुटुंबाची जमीन आजोबांच्या नावे राहिली, मृत्युपत्र झाले नाही, वारस शिकागो-डेट्रॉइटपर्यंत विखुरले, म्हणून कचेरीत 'फार्म नंबर' मिळत नाही. २०१८ च्या कायद्याने त्यांना पर्यायी कागदपत्रांची वाट थोडी मोकळी केली. गायरानवाल्याला आणि या कुटुंबाला एकमेकांची भाषा कळणार नाही, कज्जा मात्र पहिल्या वाक्यात कळेल.

हे कज्जे सोडविण्याचे काम फेडरेशन ऑफ सदर्न को-ऑपरेटिव्ह्ज ही १९६७ मध्ये स्थापन झालेली काळ्या शेतकऱ्यांची संघटना करीत आली आहे. हेमरबाईंनीही १९६९ मध्ये चाळीस एकरांवर 'फ्रीडम फार्म' काढली होती. डुकरांची पेढी काढून कुटुंबाकुटुंबाला मादी दिली, पिल्ले झाली की काही परत करावयाची. जमीन सहाशे एकरांपलीकडे वाढली. पण ती सारी देणग्यांवर चालली, आणि कर्ज-करांच्या भाराखाली काही वर्षांत हातची गेली. १९७७ मध्ये हेमरबाई वारल्या. शेजारच्या मळ्यांवर सरकारी धनादेश येतच होते.

मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे, की जयंती महोत्सवासाठी जमणाऱ्या निधीचा दशांश या फेडरेशनच्या वारसा-जमिनीच्या कामास द्यावा, आणि तेवढीच रक्कम मराठवाड्यातील गायरानधारकांच्या न्यायालयीन खर्चासाठी राखून ठेवावी. गेल्या वर्षी सभागृहाच्या सजावटीवर आपण याहून अधिक खर्च केला आहे, हिशेब याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर छापला आहे. ठरावास अनुमोदक लागतो. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभेपूर्वी सचिवांकडे नाव द्यावे. ज्यांचा विरोध असेल त्यांनीही यावे, आणि आपला विरोध उभे राहून सांगावा.